डबल बेल

रिटायर झाल्यावर माणसं घर बांधतात. अमृतराव आणि बयनाबाईंनी गाडी घेतली. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला, पण खरं म्हणजे त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. अमृतराव आदिलाबाद डेपोत ड्रायव्हर, बयनाबाई त्याच डेपोत कंडक्टर. साहेबांच्या मागे लागून दोघांनी एकाच गाडीची ड्युटी मिळवलेली. खेड्यापाड्यांतल्या मुक्कामी गाड्यांवर त्यांचा संसार झाला. रात्री गावात बस लावायची, सीटवर अंग टाकायचं आणि झुंजुमुंजू झालं की पहिली फेरी घेऊन निघायचं. पुढे पक्क्या घरात, पलंगावर, डोक्यावर पंखा फिरत असताना अमृतरावांना झोप येईना. बयनाबाईंना झोप यायची, पण त्या झोपेत तिकिटं फाडायच्या.

गाडी म्हणजे लग्नाची वऱ्हाडं वाहून थकलेली जुनी मिनीबस. आतल्या सीटा काढून त्यांनी एक दिवाण बसवला, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांची फळी. मागच्या चार सीटा मात्र अमृतरावांनी काढू दिल्या नाहीत. "जिच्यात सीटच नाही तिले गाडी काऊन म्हनाचं?" असं ते म्हणत. त्या चारांतली खिडकीजवळची सीट स्प्रिंग तुटून कायमची खाली बसलेली होती. एखादा जाडजूड मामा वऱ्हाडात येऊन बसला असेल आणि अजून उठलाच नसेल, अशी बयनाबाईंची थट्टा.

आणि बयनाबाईंच्या हौशीची एक वस्तू होती. छताखालून गेलेली दोरी आणि ड्रायव्हरच्या डोक्याजवळ पितळी घंटी. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे माणूस चढलं किंवा उतरलं, आता निघ. त्यांची एकुलती एक लेक दीपमाला याच भाषेत लहानाची मोठी झाली. पोट भरलं की ती ताटावर बोटानं दोनदा वाजवायची, आणि बयनाबाई भाकरीची टोपली उचलायच्या.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला दीपमालाचे दिवस भरत आले होते. ती दिलेली निर्मल गावात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण इथं माहेरच चाकांवर. म्हणून माहेरच लेकीकडे निघालं होतं. बयनाबाईंनी डिंकाचे लाडू वळले होते, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती आणि बाळाचं डोकं पहिल्यांदा आपल्याच हाती यावं एवढी एकच इच्छा धरली होती. तामसीला बयनाबाईंच्या भावाकडे जेवून दोघं निघाले ते तलमडुगूच्या बाजूनं, आतल्या रस्त्यानं. तो अमृतरावांचा जुना रूट. हायवे त्यांना कधी आवडलाच नाही.

तलमडुगू मागे पडल्यावर एका गावाच्या शिवेवर गाडीनं वाफ सोडली. रेडिएटरचं पाणी आटलं होतं. दिवस कलला होता, दोन्ही बाजूंना कापूस कमरेएवढा वाढलेला, त्यापलीकडे ज्वारी. गावातून बैलांच्या घुंगरांचा आणि वाजंत्रीचा आवाज येत होता. शिवेवर माणूस नव्हतं, सगळा गाव पोळ्याला लोटलेला. शेवटी अमृतरावांनी रस्त्याच्या कडेला, पळसाच्या झाडाखाली गाडी घेतली आणि म्हणाले, "हॉल्ट."

कुणाला काही विचारायचा प्रश्नच आला नाही. इंजिन निवल्यावर अमृतरावांनी टाकीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि दोघं भाकरी खाऊन झोपले.

आता त्या भागातली एक रीत सांगायला हवी. पोळ्याच्या दिवशी घराच्या दाराशी दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या उचलतात आणि घरातली, गोठ्यातली सगळी दुखणी त्यांच्यासोबत शिवेबाहेर फेकतात. मारबत नावाची एक अवदसा असते, तिनं ती घेऊन जायची. फेकून झालं की मागे न पाहता परतायचं. बयनाबाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी तामसीला त्या स्वतः फांदी घेऊन धावल्या होत्या. पण माहीत असणं जागेपणीचं. झोपेत माणूस आपल्या सवयींचा असतो.

पूर्वेला जेमतेम राखाडी फुटली होती. आधी पावलं ऐकू आली. खूप पावलं, घाईची. मग आवाज.

"खोकला-खासरी घेऊन जा गे, मारबत!"

"हिवताप घेऊन जा गे, मारबत!"

"राई-रोग घेऊन जा गे, मारबत!"

झोपेतल्या कानांना त्यातलं एवढंच लागलं, घेऊन जा, घेऊन जा. पहाटेची पहिली फेरी, धावत आलेली माणसं, हातांत बोजे. असं हजारदा झालेलं. अमृतराव डोळे उघडण्याआधी स्टिअरिंगवर होते. इंजिन सुरू झालं, हातानं दांडा ओढला, दार फटकन उघडलं. आणि बयनाबाई, डोळे मिटलेल्याच, दिवाणावरून ओरडल्या, "चढा, चढा लवकर! मांगं सरका, मांगं जागा हाय!"

बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद झाला.

गाव उभं होतं. बाया, माणसं, फांद्या हातांत तशाच. पुढे एक म्हातारी होती. ती उघड्या दाराकडे पाहत राहिली. मग तिनं हातातली फांदी हळूच पायरीवर ठेवली, जशी कुणी आजारी माणसाला हात देऊन चढवतं, आणि पाठ फिरवली. मागोमाग सगळ्यांनी आपापल्या फांद्या दाराशी टाकल्या. कुणी मागे पाहिलं नाही.

माणूस चढलं की गाडी किंचित दबते. तशी ती दबली. थांबली. पुन्हा दबली...

बयनाबाईंचा हात दोरीवर गेला. ठण् ठण्. "रैट!"

गाडी निघाली. पुढच्या पुलाशी गार वारा तोंडावर आला तेव्हा दोघं खरे जागे झाले आणि आपण काय केलं ते कळून पोट धरून हसले. गावकऱ्यांचे चेहरे आठवून अमृतरावांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. बयनाबाई हसता हसता मागे वळल्या आणि म्हणाल्या, "चारही सीटा बसल्या हायेत जी." रात्रीच्या दवानं रेक्झिन ढिलं पडलं असेल, असं अमृतराव म्हणाले. ते त्यांनी इतक्या सहज म्हटलं की बयनाबाईंनी मानून घेतलं. गाडीत मात्र पळसाच्या ओल्या चिकाचा वास भरला होता, आणि त्याखाली दुसरा एक. ताप आलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो तो.

इच्छोड्याजवळ हायवेला लागल्यावर घंटीचा एक टोला पडला. अमृतरावांनी गाडी बाजूला घेतली. समोर पत्र्याचं चहाचं दुकान होतं, एक हसऱ्या तोंडाची बाई स्टोव्हवर चहा ढवळत होती. दोघं उतरले, बाकावर बसले. बाईनं पोळ्याला बैलांसाठी शिजवलेल्या ज्वारीचं, ठोंबराचं ताट कसं झालं, बैल कसे सजले, सगळं विचारलं.

मागे, रिकाम्या गाडीत, दोन टोले पडले. ठण् ठण्.

"वारा," अमृतराव म्हणाले.

चहा अर्धा झाला नसेल, ती बाई खोकायला लागली. साधा खोकला नव्हे. वर्षानुवर्षं छातीत बसलेला, खोल, ओला खोकला. ती स्टोव्हला धरून वाकली, वर पाहिलं, डोळ्यांत आश्चर्य. "मेलं... आत्ताच कसं..." एवढंच बोलू शकली. बयनाबाईंनी तिची पाठ चोळली, पाणी पाजलं. खोकला थांबला नाही.

गाडीत चढल्यावर बयनाबाईंनी मागे पाहिलं. चारांतली एक सीट वर आली होती.

गाडी पुन्हा हायवेला लागली. मग अमृतरावांनी समोर पाहत विचारलं, "बेल तू मारली होती ना?"

"मी म्हटलं तुमीच चहासाठी थांबले..."

गाडी घाट उतरली. बयनाबाईंना समजलं होतं. अमृतरावांनाही समजलं होतं. पण समजलेलं बोलून दाखवायला दोघांची तयारी नव्हती, आणि निर्मल जवळ येत होतं.

दीपमालाच्या गल्लीत गाडी वळली. ती दारातच उभी होती, एक हात कमरेवर, एक पोटावर. आईबापाची गाडी पाहून तिचं तोंड फुललं. ती पायरी उतरली.

ठण्.

अमृतरावांचा पाय ब्रेककडे गेला. तीस वर्षांत एक टोला पडल्यावर तो पाय कुठे दुसरीकडे गेलाच नव्हता.

ठण्. ठण्... सावकाश, वेगवेगळे. मागच्या प्रत्येकाला इथंच उतरायचं होतं.

"ष्टाप नाही!" बयनाबाई किंचाळल्या. "इथं ष्टाप नाही! चला डायवर, चला!"

गाडी लेकीच्या समोरून निघून गेली. बाजूच्या आरशात दीपमालाचा वर केलेला हात तसाच राहिलेला दिसला, मग गल्लीचं वळण आलं. बयनाबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तो त्यांनी उगाच उघडला आणि पुन्हा लावला.

संध्याकाळी फोन आला. "आई, थांबले काऊन नाही?"

"गाडीचा ब्रेक लागून नाही राह्यला, बेटा."

"मंग दुसऱ्या गाडीनं ये ना."

बयनाबाईंनी फोन ठेवला. दीपमाला आठवड्याच्या आत बाळंत झाली, मुलगी झाली. सासूनं सगळं नीट केलं. नातीचा फोटो फोनवर आला. बयनाबाईंनी तो मोठा करून करून पाहिला, इतका की शेवटी नुसते रंगाचे ठिपके दिसायला लागले.

गाडी सोडून जायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं कुणी समजू नये. जंगलाच्या कडेला ती उभी करून, कुलूप घालून, पिशवी घेऊन दोघं बसच्या थांब्याकडे चालू लागले होते. पाठीमागे घंटी वाजायला लागली. एकेक टोला, थांबून थांबून. वळून पाहिलं तर गुरं राखणाऱ्या दोन पोरी घंटीच्या आवाजानं गाडीकडे निघाल्या होत्या, कौतुकानं, एकमेकींचा हात धरून. अमृतराव या वयात इतके कधी धावले नव्हते. पोरींना त्यांनी शिव्या देऊन हाकललं, मग दाराशी बसून धापा टाकत म्हणाले, "सवारी गाडीत ठेवून डायवर जात नसते." विकायची म्हटलं तर ज्याच्या दारात उभी राहील त्याचं काय, हा प्रश्न होता. भंगारवाल्यालाही लेकरंबाळं असतात.

तेव्हापासून ते खऱ्या अर्थानं रस्त्यावर राहायला लागले. एका गावाची शीव संपते आणि दुसऱ्याची सुरू व्हायची असते, तेवढ्याच मधल्या तुकड्यांत थांबायचं. किराणा आणायला एकानं लांबून चालत जायचं, दुसऱ्यानं गाडीत बसून राहायचं. लेकीकडे मात्र तसंही जायचं नाही, आपल्या मागोमाग कोण उतरून येईल याचा भरवसा नव्हता. शाळा, बाजार, लग्नाचा मांडव दिसला की टोला पडे. बयनाबाई मागे न पाहता म्हणत, "ष्टाप नाही." सुरुवातीला आवाज कापायचा. पुढे पुढे तो पूर्वी पेंगणाऱ्या प्रवाशांशी बोलताना असायचा तसाच झाला. माणूस कशालाही सरावतं. गाडीत तापाचा वास असायचा, तोही सवयीचा झाला. विशेष म्हणजे त्या दोघांना वर्षभरात साधी शिंकही आली नाही. कर्मचाऱ्यांना तिकीट लागत नाही, असं अमृतराव एकदा म्हणाले.

कापूस वेचणीच्या दिवसांत ते त्या शिवेवर परत गेले. दार उघडून ठेवलं. कुणी उतरलं नाही. बाजूच्या वावरात कापूस वेचणारी एक म्हातारी ओटी सावरत बांधावर आली. तीच, पायरीवर फांदी ठेवणारी. जयवंताबाई तिचं नाव.

"आता नाही उतरनार," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मारबत गेली का शीव बांधेल असते. पोळ्याले या. बैल नदीवर नेतात, तवा मेढे दाराशी लागाच्या आंधी... तवा या."

"तुमच्या गावाले तरास होईल," बयनाबाई म्हणाल्या.

"आमचंच हाय ते, बाई. तुमी किती दिवस वागवसान?" म्हातारीनं गाडीकडे पाहिलं नाही. "यंदा गावात कोनी खोकललं बी नाही. अशी शांतता मले काही बरी वाटत नाही."

पुढच्या पोळ्याला, दुपारी, उन्हं चकचकीत असताना गाडी पळसाखाली उभी राहिली. पावसानं धुतलेला कापूस तसाच हिरवागार. गावातले बैल नदीवर गेले होते, मेढे अजून दाराशी लागले नव्हते. जयवंताबाई बांधावर वाट पाहत बसली होती.

अमृतरावांनी दांडा ओढला. बयनाबाई उभ्या राहिल्या. कमरेला पदर खोचून, अगदी ड्युटीवरच्यासारख्या.

"शेवटचा ष्टाप," त्या म्हणाल्या. "चला... उतरा."

काही झालं नाही. मग रेक्झिननं हवा सोडल्याचा लहानसा आवाज झाला आणि एक सीट वर आली. गाडी किंचित उचलली. दारातल्या पायरीवर वजन पडून गेलं. थोड्या वेळानं दुसरी. वास एकदम कमी झाला, खिडकीतून ज्वारीच्या पानांचा वास आला. बयनाबाईंना रडू फुटलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

बाहेरून जयवंताबाईनं विचारलं, "सगळे उतरले?"

"उतरले जी."

"चढले किती होते?"

बयनाबाईंचं बोट मोजायला वर आलं आणि तिथंच राहिलं. साऱ्या नोकरीत डोकी मोजल्याशिवाय त्यांनी कधी डबल बेल दिली नव्हती. एकदाच दिली. झोपेत, याच झाडाखाली.

"मोजले नाही..." त्या म्हणाल्या.

म्हातारीनं पायरीवर पाय न ठेवता आत मान घातली. खिडकीजवळच्या सीटकडे बोट केलं. "अन् हे?"

"ते पहिलेपासूनच बसेल हाय. स्प्रिंग तुटेल हाय तिची." बयनाबाई मागे गेल्या, सीटवर तळवा ठेवला. गार होती. पण मग सगळ्याच गार होत्या. "गाडी घेतली तवापासून असीच हाय. नाही का हो?"

"तवापासून," अमृतराव म्हणाले. त्यांचा हात गिअरवर होता. निर्मल दिवेलागणीला गाठता येत होतं.

जयवंताबाई त्या सीटकडे नुसती पाहत राहिली, आणि गाडी हलली तेव्हा बाजूला झाली.

हायवेला एकही टोला पडला नाही. गुडीहत्नूरच्या बाजारातून गेले, शाळा सुटलेली होती, पोरं रस्ताभर. टोला नाही. इच्छोड्याजवळ ते चहाचं दुकान होतं त्या जागी चार खड्डे आणि पत्र्याचा एक गंजका तुकडा होता. अमृतरावांनी मान वळवली नाही. बयनाबाईंनी वळवली, आणि पुढचे दोन-तीन मैल हात जोडून बसून राहिल्या.

घाट उतरताना मात्र त्या गुणगुणायला लागल्या. लाडू ताजे केले होते. निर्मलच्या बाजारातून नातीसाठी लाकडी पोपट घ्यायचा होता, तो घेतला. हिरवा, लाल चोचीचा. गाडी थांबवून, उतरून, दुकानात उभं राहून भाव करण्यात त्यांना इतका आनंद झाला की दुकानदारानं भाव कमी केला नाही तरी त्या हसतच बाहेर आल्या.

गल्लीत गाडी वळली. टोला पडला नाही. अमृतरावांनी गाडी अगदी लेकीच्या दारासमोर लावली, इंजिन बंद केलं, दार उघडलं. दोघं उतरले.

दीपमाला दारात आली. वर्षभराचा राग होता. तिनं आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि लहान मुलीसारखी रडली. "ब्रेक नीट झाला का?" एवढंच म्हणाली. "झाला, बेटा, झाला," बयनाबाई म्हणाल्या.

नात पडवीत रांगत होती. जावई दुकानातून यायचे होते. अमृतराव पायरीवर टेकले. बयनाबाईंनी पायांवर पाणी घेतलं, हात पदराला पुसले आणि मग त्या गोळ्याला उचलून मांडीवर घेतलं. पोरीनं पोपट तोंडात घातला. तिच्या टाळूला दुधाचा, तेलाचा वास होता. बयनाबाईंनी डोळे मिटून तो छातीभर घेतला. याच्यासाठी वर्ष गेलं होतं आणि गेलं ते कारणी लागलं, असं त्यांना वाटलं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. दीपमाला चहा टाकत होती.

गल्लीत उभ्या असलेल्या गाडीत, रिकाम्या, घंटी वाजली.

ठण्.

...ठण्.

अमृतरावांचा डावा पाय पायरीच्या फरशीवर आपोआप दाबला गेला, क्लच दाबल्यासारखा. बयनाबाईंनी पोरीला घट्ट धरलं. गल्लीत वारा नव्हता.

आतून दीपमालाचा आवाज आला. कपांचा हिशेब करत होती, सहज विचारल्यासारखा.

"आई, तुमच्यासंगं आनखी कोन उतरलं?"